दोन्ही कान

मुंबईत उतरून विमान स्टँडवर लावलं, दोन्ही इंजिनं बंद केली आणि हेडसेट काढून बाजूच्या हुकाला अडकवला. 2018च्या जुलैमधली रात्र होती. काचेवरून पावसाचं पाणी नुसतं वाहत होतं. कागदपत्रं आवरता आवरता माझा फर्स्ट ऑफिसर जरा चाचरत म्हणाला, "मॅम, तुमच्या हेडसेटमधला रेडिओ मला इथं ऐकू येतोय."

मी कान दिला. खरंच, हुकाला टांगलेल्या हेडसेटमधून ग्राउंड कंट्रोलरचा शब्द न् शब्द येत होता. ऑडिओ पॅनेलवरची रेडिओची कळ पाहिली तर ती जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेली. फिरवली मीच असणार. केव्हा, ते मात्र काही केल्या आठवेना.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट घडली होती. उतरायला सुरुवात केल्यावर कंट्रोलरनं पुढची उंची दिली. मी 'वन वन झीरो' ऐकलं, फर्स्ट ऑफिसरनं 'वन टू झीरो'. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, 'से अगेन' म्हटलं, कंट्रोलरनं पुन्हा सांगितलं. त्याचं बरोबर होतं. शंका आली की विचारायचं, हे तर पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. त्यामुळे तसं पाहिलं तर काहीच बिघडलं नव्हतं. पण मी ऐकलेली उंची अकरा हजार फुटांची होती, दिलेली बारा हजारांची. दोन विमानांमध्ये ठेवायचं उभं अंतरही नेमकं हजार फुटांचंच असतं. गाडीतून घरी जाताना कळीचं ते टोक आणि हा हजार फुटांचा फरक माझ्या डोक्यात एकत्रच फिरत राहिला.

एअरबस 320च्या कॉकपिटमध्ये बरेच जण हेडसेट असा घालतात की एक कान झाकलेला आणि एक मोकळा. कॅप्टन डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा कान रेडिओला आणि उजवा शेजारच्या माणसाला. इंटरकॉमशिवाय सरळ बोलता येतं, मोठी सोय आहे ती. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण मोकळ्या कानातून कॉकपिटचा सगळा गोंगाट आत येत राहतो, आणि त्याच्यावर मात करायला झाकलेल्या कानातला रेडिओ वाढवावा लागतो. वेग वाढला की थोडा, पाऊस लागला की आणखी थोडा. कमी करायची आठवण कोणालाच होत नाही. म्हणजे आवाजापासून वाचण्यासाठी घातलेल्या वस्तूतूनच आपण स्वतःच्या कानात आवाज ओतत असतो, तोही रोज एकाच कानात.

त्या वर्षीच्या मेडिकलला ऑडिओमेट्री होती. बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण, शिट्टीसारखा बारीक स्वर ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाची रेघ कागदावर सरळ गेली होती. डाव्याची 4000 हर्ट्झपाशी खाली उतरून पुन्हा वर आली होती. डॉक्टर म्हणाले, "फिट आहात." नियमानं त्यांचं बरोबरच होतं. वैमानिकाच्या पहिल्या वर्गाच्या मेडिकलमध्ये 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबलपेक्षा आणि 3000ला 50 डेसिबलपेक्षा जास्त घट नको, एवढं पाहतात. 4000चा खड्डा त्या हिशेबात येतच नाही. मला मात्र तो खड्डा ओळखीचा होता. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या कागदावर मी तो पाहिला होता, फक्त फार खोल.

आम्ही इचलकरंजीचे. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली, त्या गुणी माणसाच्या नावाशी जोडलेलं हे गाव, आणि गावाचा रोजचा आवाज मात्र मागांचा. आप्पांचे आठ माग होते, साधे, धोट्याचे. कारखान्यात पाऊल टाकलं की बोलणं संपायचं. जॉबर, कांडीवाल्या बायका, सगळे ओठांकडे बघून आणि हातवारे करून बोलायचे. चाळीस वर्षं आप्पा तिथं उभे राहिले. त्यांचा कान एकदम गेला नाही. आधी स आणि श गेले, मग फ, मग ट. नुसते स्वर उरले. "साखर संपली" म्हटलं तर काहीतरी संपलं एवढंच त्यांना कळायचं. आवाज मोठा केला तर म्हणायचे, "ओरडू नको, ऐकू येतंय. समजत न्हाई."

हे वाक्य माझ्या धंद्याला जसंच्या तसं लागू आहे. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ मुळात माणसाच्या आवाजाचा मधला एक पट्टाच पुढे पाठवतो. व्यंजनांची धार तिथंच निम्मी बोथट होते. म्हणून तर आम्ही रेडिओवर फाइव्हला 'फाइफ' म्हणतो, नाइनला 'नाइनर' आणि थ्रीला 'ट्री'. उरलेली धारही कानानं घालवली तर नुसता आवाज उरतो, आकडा उरत नाही.

आवाज रद्द करणारा हेडसेट मी पहिल्यांदा घातला तो एटीआर 72 या पंख्यांच्या विमानावर, उजव्या सीटवर नवीन असताना. त्याआधी बारामतीला सेसनावर शिकले ती हिरव्या डेव्हिड क्लार्कवर. जवळपास अर्धा किलोची ती वस्तू नुसत्या जाड कपांनी आवाज अडवते, आत इलेक्ट्रॉनिक्स काही नाही. कितीजणांच्या डोक्यावरून माझ्याकडे आली होती कोण जाणे, पण तिनं मला कधी दगा दिला नाही. एटीआरवर आमच्या एका कॅप्टननी, स्वभावानं फार माया करणारा माणूस, क्रूझमध्ये असताना स्वतःचा हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "घालून बघ, मग बटण दाब." बटण दाबलं आणि पंखे थांबले असं वाटलं. पोटात धस्स झालं. टॉर्कच्या काट्यांकडे नजर गेली, सगळं जागच्या जागी होतं. फक्त ती घरघर गेली होती, जी सहा महिने माझ्या दाढांपर्यंत भरून राहिली होती.

त्या घरघरीचा स्वर सांगता येतो. एटीआरच्या पंख्याला सहा पाती. क्रूझमध्ये तो मिनिटाला सुमारे 984 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण 98 वेळा एक पातं केबिनजवळून जातं. 98 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच, खोल खर्जातली. घरी आईची पेटी होती, म्हणून मला हे सुचलं. चार-चार सेक्टर ती पांढरी पाच कोणीतरी एकसारखी दाबून धरलेली असते.

ती घालवतात कशी, हे मी नव्या मुलांना झोपाळ्यावरून सांगते. झोपाळा तुमच्याकडे येत असताना बरोबर तेवढ्याच जोरानं उलट धक्का दिला तर तो थांबतो. हेडसेटच्या कपातला छोटा माइक बाहेरून आलेला आवाज ऐकतो आणि स्पीकर त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडतो. झोपाळा संथ असेल तर धक्क्याची वेळ साधते. सेकंदाला हजारो झोके घेणाऱ्या झोपाळ्याला ती साधत नाही. म्हणून ही युक्ती खर्जावर चालते. वरच्या पट्टीतला आवाज अडवायचा तो कपाच्या गादीनंच.

हे काम ज्यांनी पुढे नेलं त्या अमर बोस यांची गोष्टही विमानातलीच. 1978मध्ये झ्युरिकहून बोस्टनला जाताना त्यांना विमानात संगीत ऐकायला हेडफोन दिले गेले. गोंगाटात काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथंच, त्याच प्रवासात, गणित मांडायला सुरुवात केली. वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांपासून निसटून अमेरिकेत गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला. 1986च्या डिसेंबरमध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी न थांबता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली, नऊ दिवस त्या चिंचोळ्या 'व्हॉयेजर'मध्ये. त्यांच्या कानांवर बोस यांचे प्रायोगिक हेडसेट होते. 1989मध्ये ते बाजारात आले. जीना येगरचा फोटो मी शिकत असताना वहीत चिकटवला होता. तिच्या कानांचा विचार मात्र कितीतरी वर्षांनी केला.

तर 2018च्या त्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं, स्वतःचा हेडसेट घ्यायचा. किंमत लाखाच्या घरात जाते, तेव्हा घाई करायची नाही. आणि निवडायचा तो माझ्या विमानात, माझ्या डोक्यावर. एटीआरवर जे चांगलं तेच जेटवर चांगलं, असं धरून पुष्कळजण चुकतात. जेटमध्ये ती पांढरी पाच नसतेच. तिथं पुढच्या काचांवरून जाणाऱ्या हवेचा सळसळाट असतो आणि उपकरणं थंड ठेवणाऱ्या पंख्यांची फुरफुर. त्यात सगळे स्वर मिसळलेले. खर्जातला भाग इलेक्ट्रॉनिक्स काढतं, वरचा उरतो.

मित्रमैत्रिणींकडून मागून तीन प्रकारचे हेडसेट मी दोन-तीन महिन्यांत वापरून पाहिले. प्रत्येक फेरीनंतर डायरीत एकच नोंद करायची: क्रूझमध्ये रेडिओची कळ कुठं होती. घड्याळाच्या भाषेत लिहायची, बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता. कंपनीच्या हेडसेटवर, एका कानावर घालून, मी सरासरी चारच्या पुढे असायचे. अमेरिकेतली नायोश ही संस्था सांगते की 85 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तासच काढावेत, आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मी करावी: 88ला चार तास, 91ला दोन. थोडंसं वाटणारं ते तीन डेसिबल म्हणजे कळ किंचित फिरवणं.

कान पूर्ण झाकणारा हेडसेट शांततेत सगळ्यांत पुढे होता. कळ साडेबारावर आली. पण मुंबईच्या उकाड्यात जमिनीवर उभं असताना कानांभोवती घामाच्या धारा, आणि माझ्या चष्म्याची काडी गादीखाली जाऊन फट पाडते, तिथून नेमका वरच्या पट्टीतला आवाज शिरतो. अंबाड्यावर पट्टा धड बसत नाही, तो पुढे सरकतो. तिसऱ्या सेक्टरला मी नकळत एक कप मागे सरकवला होता आणि पुन्हा एका कानावर आले होते. डायरीत त्या दिवशी कळ तीन वाजता आहे. कानावर नुसता टेकणारा हलका हेडसेट सुटसुटीत, पण कुडीचा मोती गादीखाली दाबला जाऊन दोन तासांत कानाची पाळी ठणकायला लागायची. आपल्याकडे वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त आहे. तेव्हा अंबाडा, कुडी, लहान डोकं या गोष्टी आम्ही मोकळेपणानं बोलायला हव्यात. मी ड्युटीवर कुड्या काढत नाही, त्या आईच्या आहेत.

त्या दिवसांत सुट्टीला घरी गेले तेव्हा तो मोठा, कान झाकणारा हेडसेट माझ्या बॅगेत होता. आप्पा म्हणाले, "बघू तरी." त्यांना घेऊन कारखान्यात गेले. माग आता चुलतभाऊ चालवतो. प्लग कुठंच न लावता, नुसत्या बॅटरीवर, मी तो त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि बटण दाबलं. धोट्याच्या खटक्यावर ही युक्ती पंख्याच्या घरघरीइतकी चालत नाही, पण कप आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून बराच आवाज गेला असावा. आप्पा क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांची मान एका मागाकडे वळली, दुसऱ्याकडे वळली. त्यांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला.

"मागाचा आवाज न्हाई आला तर कुठला बिघडला ते कळायचं कसं?"

ज्या कानानं त्यांना साखर समजत नव्हती, त्या कानानं ते आठांपैकी कोणत्या मागाचा धोटा नीट आदळत नाही ते अजून सांगू शकत होते. या प्रश्नावर मी त्या रात्री बराच वेळ विचार केला, कारण तो माझाही होता. एटीआरवर पंखे थांबले असं वाटून जे धस्स झालं होतं ते हेच. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेनं 2007मध्ये विमान कंपन्यांना हेच कळवलं होतं: आवाज रद्द करणाऱ्या हेडसेटमागे इशाऱ्यांचे आणि यंत्राच्या बिघाडाचे आवाज झाकले जाऊ शकतात, तपासून घ्या. एअरबस 320मध्ये इशारे कॉकपिटच्या स्पीकरमधून येतात. पुढच्या सिम्युलेटरच्या दिवशी मी तिसरा, कानात बसणारा हेडसेट घेऊन गेले आणि प्रशिक्षकांना विनंती करून एकेक इशारा वाजवून घेतला. आगीचा सतत वाजणारा चाइम, साधा सिंगल चाइम, ऑटोपायलट सुटल्याचा तो घोडदळाच्या हल्ल्यासारखा आवाज, आणि सगळ्यांत हलका ट्रिपल क्लिक. लँडिंगची क्षमता खाली आली की तो वाजतो. तोच मला ऐकायचा होता. आला, तिन्ही ठोके वेगवेगळे. मग बॅटरी काढून पाहिली. आवाज रद्द होणं थांबलं, पण रेडिओ आणि माइक चालू राहिले. ही परीक्षा प्रत्येकानं घ्यावी. गाणी ऐकायच्या हेडफोनला माइक जोडून घालणारे काहीजण मी पाहिलेत. त्यातल्या काहींची बॅटरी संपली की कानात काहीच येत नाही. ते कॉकपिटमध्ये नको, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

ऑक्सिजन मास्कही तिथंच घालून पाहिला. एका हातानं, पाच सेकंदांत तो तोंडावर बसला पाहिजे, असा नियम आहे. बाजूच्या खणातून लाल पकडीला धरून खेचायचा, फुगलेले पट्टे डोक्यावरून न्यायचे, सोडायचे. मोठ्या हेडसेटवर पट्टा एकदा अडकला होता. कानात बसणाऱ्याची पट्टी बारीक, तिच्यावरून तो सरळ गेला. प्लगचं सोपं होतं: सेसनाला दोन वेगळे प्लग लागतात, हेलिकॉप्टरला तिसराच, एअरबसला पाच पिनांचा एक गोल. दुकानात तेवढं नीट सांगायचं आणि कंपनीच्या मान्य यादीत नाव आहे ना ते पाहायचं.

शेवटी घेतला तो हाच, कानात बसणारा, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा. पहिले आठ दिवस कानात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं. तीन आकारांच्या टोप्यांपैकी मधली लावली होती, लहान लावल्यावर ते गेलं. पण कळ त्याच्यावर एक वाजता आली आणि चौथ्या सेक्टरलाही एकवरच होती, कारण तो मी एकाही कानातून काढत नव्हते. शांततेत तो मोठ्या हेडसेटच्या मागेच आहे. मी शांतता विकत घेतलीच नव्हती. आता शेजारच्याशी बोलायला आम्ही इंटरकॉम चालू ठेवतो किंवा बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय वापरतो. सुरुवातीला एक-दोन सहकाऱ्यांना ते अवघड गेलं, हे खरं आहे.

25 मार्च 2020ला कोविडमुळे देशातली विमानं थांबली आणि 25 मेला पुन्हा उडाली, तेव्हा दुसऱ्याच्या कानाला लागलेला हेडसेट आपल्याला नको, म्हणून पुष्कळजणांनी स्वतःचे घेतले. बरं झालं. तेव्हापासून नवे फर्स्ट ऑफिसर मला विचारतात, मॅम कुठला घेऊ. मी नाव सांगत नाही. मागून आणा, आपल्या विमानात चार सेक्टर घाला, चष्म्यासकट घाला, आणि कळ कुठं राहते ते लिहून ठेवा, म्हणते.

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या फेरीला असाच एकजण होता, मागून आणलेला हेडसेट घालून, पहिल्यांदाच दोन्ही कानांवर. मुलगा मुळात हळू बोलणारा. उतरताना त्यानं जवळजवळ स्वतःशी बोलावं तशा आवाजात "ॲप्रोच चेकलिस्ट" म्हटलं, आणि मी पहिल्या हाकेला उत्तर दिलं. खाली उतरून इंजिनं बंद केल्यावर दोघांचे हेडसेट हुकाला टांगले होते. मी मुद्दाम कान दिला. काही ऐकू येत नव्हतं.